मिरचीच्या शेडमधला प्रकाशक

पुस्तक तुमच्या हातात दिलं की आप्पा दोन पावलं मागे सरायचे. हात पाठीमागे, मान जराशी तिरपी आणि डोळे थेट तुमच्या नाकावर. तुम्ही मुखपृष्ठ बघायचात, पुस्तक उलटं करायचात, मधलंच एखादं पान उघडायचात, आणि मग ती यायची. डोळ्यांतून पाणी काढणारी, चष्मा नाकावरून उडवणारी शिंक. आप्पांचा चेहरा खुलायचा.

“उनी का?” ते विचारायचे.

उनी का म्हणजे आली का. आली नाही असं म्हणायची सोय नसायची, कारण तोवर दुसरी आलेली असायची. बोलता बोलता कुणी शिंकलं की बोलणं खरं ठरतं असं आमच्याकडे मानतात, तुमच्याकडेही मानत असतील. आप्पांनी हा नियम सरळ पुस्तकांना लावून टाकला होता. “खोटं पुस्तक वाचीसन शिंक येस नही, ताई,” ते म्हणायचे. यावर माणसाने काय बोलावं, तुम्हीच सांगा.

आप्पा नंदुरबारच्या मिरची व्यापाऱ्याच्या घरातले धाकटे. नंदुरबार म्हणजे मिरची. हंगामात गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर लाल मिरची वाळत पसरलेली असते, तिला पथारी म्हणतात. थोरले भाऊ ती पथारी सांभाळायचे. धाकट्याने पथारीशेजारच्या मिरचीच्या शेडचा एक कोपरा अडवून तिथे प्रकाशन थाटलेलं. अहिराणी, भिली, पावरी, इकडच्या आदिवासींची कोकणी, जे दुसरं कुणी छापायला धजणार नाही ते सगळं आप्पा छापायचे. एका बाजूला मिरचीची पोती, दुसऱ्या बाजूला पुस्तकांचे गठ्ठे आणि मध्ये खुर्चीवर आप्पा. थोरले भाऊ म्हणायचे, आमच्याकडे दोन माल आहेत, एक विकला जातो.

शेडमध्ये पुस्तकं ठेवण्यामागे त्यांचं शास्त्र होतं. मिरचीजवळ वाळवी फिरकत नाही, कसर लागत नाही, उंदीर तर लांबूनच नमस्कार करतो. त्यांच्या पुस्तकाला भोक पडलेलं कुणी पाहिलं नाही, हे मला मान्य करावंच लागेल. फक्त उंदराला जे कळत होतं ते आप्पांना कळत नव्हतं. जन्म सगळा मिरचीत गेलेला, नाक केव्हाच संपावर गेलेलं. त्यांचे छपाईवाले, बांधणीवाले, हमाल, सगळ्यांचीच नाकं तशी. अख्ख्या शेडमध्ये पुस्तकाला वास येतो हे माहीत असलेला एक माणूस नव्हता.

मी ब्राह्मणपुरीच्या सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल. ग्रंथपाल म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे चष्मा आणि शांतता येत असेल. चष्मा आहे. आमचं गाव शहाद्याच्या बाजूचं, केळी, पपई आणि उसाचं. मिरची आमच्याकडे फोडणीपुरती. त्यामुळे आप्पा पहिल्यांदा स्कूटरवर पोतं बांधून वाचनालयात आले आणि माझ्या टेबलावर त्यांनी पुस्तकांची चळत ठेवली, तेव्हा मी शिंकून शिंकून अर्धी झाले. वर्तमानपत्र वाचायला आलेली मंडळी वर्तमानपत्रं घेऊन ओट्यावर गेली.

“आप्पा, पुस्तकमा मिरची भरी आनी का काय?” मी ओरडले.

“मिरची?” त्यांनी पुस्तक नाकाशी नेलं, मनापासून हुंगलं. “कोठे शे मिरची?”

ते नाटक करत नव्हते, खरंच शोधत होते. त्या दिवशी मी त्यांना सांगितलं की तुमच्या पुस्तकाने माणसं शिंकतात. दुसऱ्या कुणाला लाज वाटली असती. आप्पांनी थोडा वेळ विचार केला आणि तेव्हापासून ते दोन पावलं मागे सरायला लागले.

मी त्यांची पुस्तकं विकत घेऊ शकत नव्हते. आमच्यासारख्या वाचनालयांना शासन अनुदान देतं आणि त्यातला ठरलेला हिस्सा शासनमान्य यादीतल्या पुस्तकांवरच खर्च करायचा असतो. चांगला नियम आहे, नाहीतर आमच्या अध्यक्षांनी मेहुण्याच्या कवितासंग्रहांनी कपाटं भरली असती. पण यादीत यायचं तर राजधानीत पुस्तकं पाठवा, समितीने ती वाचावीत, पसंत करावीत, मग यादी निघावी. तोवर छोटा प्रकाशक जगला पाहिजे. मोठे जगतात, त्यांचं वर्षाला इतकं निघतं की त्यातलं काहीतरी यादीत लागतंच. मग शहरातून एक गोड बोलणारा विक्रेता गाडीभर गठ्ठे घेऊन येतो. मधुमेह आणि आपण, सात दिवसांत श्रीमंती, तीच श्रीमंती दुसऱ्या मुखपृष्ठात. आमच्या कपाटात असे गठ्ठे आहेत की त्यांची सुतळी अजून सुटलेली नाही. मी हे मीटिंगमध्ये बोलून दाखवलं तेव्हा अध्यक्षांनी माझ्यासाठी चहा मागवला. आमच्याकडे बाई खरं बोलली की चहा येतो.

तरी मी आप्पांचं एकेक पुस्तक वर्गणीच्या पैशातून घ्यायचेच. वाचकांच्या तक्रारी नकोत म्हणून ती वेगळ्या लोखंडी पेटीत ठेवायचे. पेटी कपाटाच्या वर. ज्याला वाचायचं त्याने रुमाल घेऊन यावं, असा अलिखित नियम झाला. आणि बघा, गंमत म्हणजे ती पेटी खाली काढायला लोक सारखे सांगायचे.

आप्पांना सरकारी धोरणावर बोलायला फार आवडायचं. पुढारी जसे जोरजोरात बोलतात तसं नाही, लग्नातल्या रुसव्याफुगव्याबद्दल बोलावं तसं. “पुस्तकवर कर नही, ताई,” ते समजावून सांगायचे. “कागदवर शे, शाईवर शे, छपाईवर शे. म्हणजे लगीनले तिकीट नही. नवरदेवले तिकीट, घोडाले तिकीट, बँडले तिकीट.” मध्यंतरी टपालाची पुस्तकांसाठीची स्वस्त सोय बंद झाली तेव्हा मला वाटलं, हा माणूस आता खचेल. ते म्हणाले, “टपाल बंद, मिरची चालू.” आणि त्यांनी भावाच्या मिरचीच्या ट्रकांमधून पुस्तकं धाडायला सुरुवात केली. जिथे जिथे नंदुरबारची मिरची जाते तिथे तिथे भिली व्याकरण जायला लागलं. मसाल्याच्या व्यापाऱ्यांना पोत्यांच्या मध्ये पुस्तकं सापडायची. त्यातला एक तर दर खेपेला विचारायचा म्हणे, या वेळी गोष्टीचं काही नाही का पाठवलं?

आता मुख्य गोष्ट सांगते. अक्कलकुव्याच्या बाजारात डोंगरातली एक मावशी चारोळी, डिंक, मोहाची फुलं विकायला यायची. माल विकता विकता ती भोवती जमलेल्या पोरांना भिलीत गोष्टी सांगायची. आप्पा तिथे मिरचीच्या दुकानांच्या रांगेत पुस्तकांचं फडकं पसरून बसायचे. गिऱ्हाईक नसायचंच, त्यामुळे गोष्टी ऐकायला भरपूर वेळ. त्यांनी मावशीला विचारलं, ह्या गोष्टींचं पुस्तक करू का? मावशी मोठी खमकी. पैसे नकोत म्हणाली. तिची अट वेगळीच होती. तिची नात डोंगरातल्या शाळेत जायची. वर्गात भिलीत बोलली म्हणून तिला एकदा बाहेर उभं केलं होतं. त्या शाळेत पुस्तकांचं काचेचं कपाट होतं. पुस्तक त्या कपाटात, काचेतून दिसेल असं ठेवायचं. तसं असेल तर गोष्टी सांगते, नाहीतर डिंक घ्या आणि निघा.

आप्पा व्हय म्हणाले. डोंगर चढून दोन पावसाळे ते तिच्याकडे जात राहिले, ऐकत राहिले, लिहीत राहिले. पुस्तक झालं. चित्रांसकट, देखणं. ते मला दाखवायला आणलं तेव्हा ते मागे सरलेसुद्धा नाहीत, इतके खूश होते.

पुस्तक घेऊन ते त्या शाळेत गेले. मुख्याध्यापक कोकणातून बदली होऊन आलेले. माणूस वाईट नाही, पण तपासणीला भिणारा. म्हणाले, मान्यता नसलेलं पुस्तक कपाटात ठेवलं आणि उद्या साहेब आले तर? यादीत आणा, दहा प्रती ठेवतो. आणि बोलता बोलता ते शिंकले. आप्पांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांच्या तोंडावर हसू होतं, पण मागाहून ते एकदम म्हणाले, “मी शबद देयेल शे, ताई.” मला तेव्हा कळलं की हे प्रकरण हसण्यावारी न्यायचं नाही. बाकी पुस्तकं यादीत लागोत न लागोत, त्यांना फरक पडत नव्हता. हे लागायलाच हवं होतं.

त्यांनी प्रती राजधानीत पाठवल्या. कशातून पाठवल्या असतील? मिरचीच्या ट्रकमधून. शेडमध्ये मुरलेली पुस्तकं, वर पोत्यांच्या मधोमध बसून प्रवास. तिकडे ते पार्सल एसी लावलेल्या बंद खोलीत उघडलं गेलं. पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. उत्तर आलं, त्यात इतकंच होतं की ग्रंथास उग्र दर्प असल्याने परीक्षण होऊ शकले नाही.

मी कपाळावर हात मारला. “आप्पा, समितीले ट्रकमा पाठाडं? तुम्ही येडा व्हई गयात का?”

“वाचं तं नही त्यासनी,” ते म्हणाले. “नुसतं हुंगं. नाकघाई नापास.” म्हणजे नाकामुळे नापास.

मग आमचा उद्योग सुरू झाला, पुस्तकाचा वास काढायचा. माझ्या गच्चीवर दोरी बांधून प्रती वाळत टाकल्या. शेजारीण म्हणाली, वहिनी, धुणं भारी आहे तुमचं. कडुनिंबाचा पाला घालून ठेवल्या, गव्हात पुरून ठेवल्या, देवघरात उदबत्तीच्या धुरात ठेवल्या. त्या वर्षीच्या पोळ्यांना काय चव होती ते माझ्या नवऱ्याला विचारा, म्हणजे नकाच विचारू. शेवटी आप्पांनी नव्या प्रती छापून घेतल्या आणि त्या शेडमध्ये न नेता थेट माझ्या घरी ठेवल्या. मी त्या हुंगल्या. काही नाही, कोरा कागद. आप्पांनी हुंगल्या आणि त्यांना नेहमीसारखंच वाटलं. ह्या प्रती मी स्वतः कुरियरने पाठवल्या, ट्रकने नाही.

दुसरं उत्तर यायला वर्ष लागलं. अर्जात भाषेचा रकाना होता आणि त्यात निवड करायच्या भाषांमध्ये भिली नव्हती, म्हणून आम्ही ‘इतर’ भरलं होतं. ‘इतर’ वाचणारं समितीत कुणी नव्हतं. पुस्तक न वाचताच परत.

“आत्ते कानघाई नापास,” आप्पा म्हणाले. ते माझ्या टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. “ताई,” ते म्हणाले, “आपण इतर शेतस का?”

मी तोंडाळ बाई, मला कशाचंही उत्तर सुचतं. त्या दिवशी मात्र मी उठून पंखा मोठा केला.

त्याच सुमारास जगभरच्या छोट्या प्रकाशकांची एक ऑनलाइन सभा होती आणि कुणाच्या तरी ओळखीतून आप्पांना बोलावणं आलं. त्यांच्या शेडमध्ये नेट यायचं नाही म्हणून ते आमच्या वाचनालयात येऊन बसले. इस्त्रीचा सदरा, टोपी, कपाळाला गंध, जणू सोयरीक बघायला निघालेत. इंग्रजी मी सांभाळणार असं ठरलं. माझं इंग्रजी म्हणजे एम.लिब.पर्यंतचं, पण धीट आहे.

पडद्यावर चौकोनाचौकोनांत माणसं. एक जण म्हणाला, आमच्याकडे सरकार शाळेची सगळी पुस्तकं दोन-तीन बड्या कंपन्यांकडून घेतं, आम्हाला दारात उभं करत नाहीत. दुसरी म्हणाली, ऑनलाइन दुकानं इतकी सूट देतात की आमच्या गावातलं पुस्तकाचं दुकान बंद पडलं, आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. तिसऱ्याने कागदाच्या जकातीचं रडगाणं लावलं. मी एकेक भाषांतर करून सांगत होते आणि आप्पा खुर्चीच्या कडेवर येत चालले होते.

“ताई, ह्या सर्वा आपलाच तालुकाना लोके शेतस!”

मग युरोपातला एक म्हातारा बोलला. त्यांच्या देशात म्हणे नवं पुस्तक ठरलेल्या किमतीपेक्षा स्वस्त विकायला कायद्यानेच बंदी आहे. मोठा दुकानदार असो की छोटा, किंमत एकच. आप्पांचा विश्वास बसेना.

“सूट देवाले बंदी? मंग गिऱ्हाईक भांडस नही का?”

मी विचारलं. म्हातारा हसला आणि म्हणाला, भांडतं, पण ज्याच्याशी भांडायचं ते दुकान शिल्लक राहतं. हे मी सांगितल्यावर आप्पांनी पडद्याला दोन्ही हात जोडले.

मग त्यांची पाळी आली. सूत्रसंचालक बाईंनी विचारलं, तुमच्यापुढचं सर्वांत मोठं आव्हान कोणतं? मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की धोरण, वितरण, भाषा असं काहीतरी शिस्तीत बोला. आप्पांनी घसा साफ केला.

“शिंक,” ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे डोळे मोठे करून बघितलं. ते तसेच बसून. म्हणून मग मी शिंकच म्हणाले आणि शेड, मिरची, ट्रक, समिती, सगळं जमेल तसं सांगितलं. मला वाटलं, गेली खान्देशची अब्रू. तेवढ्यात आफ्रिकेतल्या एका मोठ्या तळ्याकाठच्या गावातली एक प्रकाशक बाई जी हसायला लागली ती थांबेना. डोळे पुसत म्हणाली, माझी पुस्तकं माझ्या आईच्या सुक्या मासळीच्या कोठारात असतात, आमच्या राजधानीतल्या साहेबांनी ती खिडकीतून बाहेर ठेवली होती.

आप्पा उठून उभे राहिले. “ती मन्ही बहीण शे,” ते म्हणाले. “सांग तिले, ताई. तिले सांग, तू मन्ही बहीण शे.” मी सांगितलं. सभेची वेळ संपली, चौकोन विझायला लागले, तरी ही दोघं आपापल्या भाषेत बोलत होती. मी लॅपटॉप मिटायला गेले तर आप्पांनी हात धरला. “बंद करू नको ना ताई, ती बोली ऱ्हायनी.”

पुढे दोघांनी एकमेकांना पुस्तकं पाठवली. तिचं पुस्तक आप्पांच्या घरी पोचलं आणि घरात भूकंप झाला. कट्टर शाकाहारी घर, अंड्याचं नाव काढलं तरी थोरल्या वहिनी दारात पाणी शिंपडणाऱ्या. आप्पा ते पुस्तक प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून माझ्याकडे घेऊन आले. म्हणाले, बहिणीने पाठवलंय, टाकून कसं देऊ? मी म्हटलं, माझ्या सासरी कांदासुद्धा चातुर्मासात चालत नाही. शेवटी ते वाचनालयातल्या त्या लोखंडी पेटीत, आप्पांच्या पुस्तकांच्या शेजारी गेलं. तेव्हापासून पेटी उघडली की दुपारच्या वेळी सुकटीचं झणझणीत कालवण झाल्यासारखं वाटायचं. एकदोन वाचक तर नुसते त्यासाठीच यायला लागले.

गेल्या उन्हाळ्यात आप्पा स्कूटरवरून आले, पोतं नव्हतं. तिसऱ्यांदा अर्ज केला होता. “आत्ते रकानामा भिली शे, ताई,” ते म्हणाले. “मी सोता देखीसन ऊनू. लागी जाई.” चहा घेतला. जाताना पायरीवर थांबून विचारलं, यादीत लागलं तर कपाटात कोणत्या खणात ठेवतील? मी म्हटलं, आप्पा, आधी लागू तर द्या. ते म्हणाले, मधल्या खणात हवं, पोरींच्या नजरेसमोर येईल असं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते दुपारचं जेवून शेडमध्ये गठ्ठ्याला पाठ लावून बसले आणि बसल्या जागी गेले. मी दारावर जाऊन आले. पुस्तकाच्या जगातलं कुणी आलं नव्हतं. पथारीवरच्या बाया आल्या होत्या, देठ खुडून लाल झालेले हात पदरात घेऊन बसल्या होत्या. मी घरी आले आणि खूप रडले. नंतर रागही आला, की हा माणूस उत्तर येईपर्यंत थांबला का नाही.

उत्तर पावसाळ्यात आलं. पुस्तक मंजूर. शासनाने शाळांसाठी घरच्या भाषेतली पुस्तकं घ्यायचं ठरवलं होतं. पण पुरवठा करायला मोठी उलाढाल असलेलाच पुरवठादार चालणार होता, शेडवाल्याला मुळात जागाच नव्हती. शहरातल्या एका बड्या पुरवठादाराने थोरल्या भावाची परवानगी घेऊन पुस्तक छापलं. भावाने शेडमधला कोपरा रिकामा करून तिथे पोती लावली. त्यांना दोष देत नाही, हंगाम तोंडावर होता.

मी त्या मुख्याध्यापकांच्या मागे लागले होते, त्यामुळे शाळेत पुस्तकांचा पेटारा पोचल्यावर त्यांनी मला फोन केला. मी सकाळच्या एसटीने अक्कलकुव्याला गेले, बाजारातून मावशीला सोबत घेतलं आणि जीपने वर शाळेत पोचलो. माझ्या पिशवीत आप्पांची प्रत होती, वाचनालयाच्या पेटीतली. का घेतली होती ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

मुख्याध्यापकांनी मोठ्या अभिमानाने काचेचं कपाट उघडलं. मधल्या खणात नवीकोरी पुस्तकं, गुळगुळीत, झकास. मावशीने एक उचललं, चित्रं बघितली, अक्षरांवरून बोट फिरवलं, मग पुस्तक नाकाशी नेलं. दीर्घ हुंगलं आणि परत जागेवर ठेवलं. भिलीत काहीतरी बोलली. तिची नात शेजारी उभी होती, आता चांगली मोठी झालेली. तिने मराठीत सांगितलं, “ती म्हणते, हे त्यांचं नाही.”

“अहो, तेच आहे!” मुख्याध्यापक म्हणाले. “हे बघा, आत त्यांचं नाव आहे. अक्षर न् अक्षर तेच.”

मावशी मान हलवत राहिली. तिला दिलेला शब्द दुसऱ्या पुस्तकाचा होता.

मी पिशवीतून आप्पांची प्रत काढली आणि तिच्या हातात दिली. तिने ती उघडली, चेहऱ्यावर धरली. मिरची आणि मागून जराशी मासळी. ती हसली. इतकं मोकळं हसली की तिचे गळलेले दात दिसले. बाजारात तिच्या टोपलीशेजारीच सुकी मासळी विकतात, तिला हा वास ओळखीचाच. तिने नातीला पुस्तक दिलं, नातीने मुख्याध्यापकांना. बिचाऱ्यांनी भीत भीत पहिलं पान उघडलं.

मला कळलंसुद्धा नाही, पण मी दोन पावलं मागे सरले होते. हात पाठीमागे, मान तिरपी.

ते असे शिंकले की बाहेर व्हरांड्यातली पोरं आत डोकावली.

“उनी का, सर?” मी विचारलं.

“हे यादीतलं नाही हो,” ते रुमाल शोधत म्हणाले. “वाचनालयाचा शिक्का आहे यावर. तपासणीत मी काय…” पुढचं बोलणं शिंकेत गेलं. मावशीने त्यांच्या हातातून पुस्तक काढून घेतलं, मधल्या खणात गुळगुळीत पुस्तकांच्या पुढे, काचेतून नीट दिसेल असं उभं केलं आणि स्वतःच कपाट लावलं. मुख्याध्यापकांनी डोळे पुसत माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग हात टेकले. “राहू दे,” म्हणाले.

पोरं काचेला नाक लावून उभी होती. काच घट्ट बंद होती, तरी एक लहानगी शिंकली आणि सगळी हसायला लागली.